जुन्या घराची वायरिंग : फ्यूज तार वाचवतो, माणूस नाही, पावसाळ्याआधी काय बदलून घ्याल?

मृग तोंडावर आला की माळवदावर पांढरी माती टाकायची, कौलं शाकारायची, पत्र्याच्या खिळ्यांना डांबर लावायचं, ही कामं आपल्याकडं कुणाला सांगावी लागत नाहीत. वायरिंगकडं मात्र कुणी बघत नाही. "लाइट लागतेय ना, मग झालं," एवढ्यावर विषय संपतो. आणि पहिले दोन पाऊस पडले की कुठून तरी बातमी येते. कपडे वाळत घालताना करंट लागला, कूलरला हात लावला आणि चिकटली, सोडवायला गेलेला पण गेला. आम्ही अशा बातम्या दर पावसाळ्यात लावतो. त्यातल्या बऱ्याच घरांत दोन-तीन हजारांचं एक काम आधी झालं असतं, तर बातमी लावायची वेळ आली नसती. ते काम कोणतं आणि त्याच्यापाठोपाठ काय करायचं, हे इथं सविस्तर देतोय.

जुनं घर म्हणजे काही शंभर वर्षांचा वाडाच असायला पाहिजे असं नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बांधलेल्या पुनर्वसनाच्या घरांनाही आता पंचवीस-तीस वर्षं झालीत. ज्या घरात लाकडी पट्टीवर खिळ्यांनी ठोकलेली काळी वायर आहे, लाकडी बोर्डावर काळी गोल बटणं आहेत, मीटरखाली पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत आणि सॉकेट दोनच भोकांचं आहे, ते घर वायरिंगच्या हिशेबानं जुनंच.

अशी वायरिंग झाली तेव्हा घरात होतं काय? ६० वॅटचे दोन बल्ब, एखादा पंखा, रेडिओ. सगळं एकदम लावलं तरी दोनशे वॅट, म्हणजे एक अँपिअरसुद्धा नाही. आता त्याच वायरीवर पाणी तापवायची कांडी लागते, ती १५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर. इस्त्री हजार वॅटची, मिक्सर पाचशेचा. सकाळी पोरांच्या शाळेच्या घाईत तिन्ही एकदम चालू झाले की तेरा अँपिअर. वर फ्रिज आहे, कुणाकडं घरगुती चक्की आहे, कुणाकडं बोअरची मोटर घरच्याच मीटरवर आहे. वायर तीच, वरचं रबर मात्र वाळून तडकलेलं. माळवदात उंदरांनी कुरतडलेलं ते वेगळंच.

वायर गरम झाली की फ्यूज जातो. मग आपण काय करतो? वायरीतली चार-पाच तांब्याची तारं पिळून फ्यूजमध्ये भरतो. "आता जात नाही बघा," असं कौतुकानं सांगतो. म्हणजे जाणारा फ्यूज कायमचा बंद केला आणि आता त्याच्या जागी भिंतीतली वायर जळणार.

फ्यूज आणि एमसीबी काय वाचवतात

बऱ्याच लोकांचा समज असा की घरात एमसीबी बसवले म्हणजे आता करंट लागून कुणी मरत नाही. वायरमनसुद्धा कधीकधी असंच सांगतात. हे चूक आहे, आणि हा सगळा लेख या एका गोष्टीसाठी आहे.

फ्यूज किंवा एमसीबी वायरीला वाचवतो. वायरीतून जास्त करंट वाहिला की तो पडतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या पुढं गेल्यावर हळूहळू तापून पडेल. आणि लगेच पडायचा असेल तर बाजारात सर्रास मिळणाऱ्या 'सी' प्रकारच्या एमसीबीला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. आता माणसाचा हिशेब करा. ओले हात, अनवाणी पाय, ओली जमीन असेल तर शरीर साधारण हजार ओहमचं धरतात. २३० व्होल्टला अशा शरीरातून सुमारे २३० मिलीअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहून कमी करंट वाहतो. एमसीबीच्या दृष्टीनं तो एक छोटासा बल्ब. तो कशाला पडेल? पण माणसाचा हात १० मिलीअँपिअरच्या आसपासच आखडतो, धरलेलं सुटत नाही. ३० च्या पुढं गेलं आणि वेळ लागला की श्वास आणि हृदय धोक्यात येतं. एमसीबी शांतपणे चालू आणि खाली माणूस चिकटलेला, असं म्हणूनच होतं.

"पण आमच्याकडं अर्थिंग आहे की!" असेल. त्याचाही हिशेब बघू. समजा वॉशिंग मशिनमधली फेजची वायर आतून पत्र्याला लागली. करंट अर्थिंगमधून जमिनीत जाईल आणि डीपीच्या अर्थिंगमधून परत वर येईल. तुमच्या अर्थिंगचा रोध १० ओहम, डीपीचा २ ओहम धरला तर २३० भागिले १२, म्हणजे साधारण १९ अँपिअर. मेनला ३२ चा एमसीबी असेल तर तो अजिबात पडत नाही. आणि मशिनच्या अंगावर त्या वेळी किती व्होल्ट असतात? १९ गुणिले १०, म्हणजे १९०. अर्थिंग असून १९० व्होल्ट! गावाकडं १० ओहमचं अर्थिंग वाईट म्हणत नाहीत. मुरमाड जागेत ते तीस-चाळीसही निघतं.

माणूस वाचवणारी वस्तू वेगळी आहे. तिचं नाव आरसीसीबी. वायरमन अजून तिला जुन्या सवयीनं 'ईएलसीबी' म्हणतात, दुकानात तसं मागितलं तरी हीच देतात. दिसायला जाड एमसीबीसारखी, पण तिच्यावर एक छोटं बटण असतं, त्यावर इंग्रजी 'टी' लिहिलेलं. तिचं काम हिशेबनिसाचं आहे. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघते. मधल्या मधे ३० मिलीअँपिअर कुठं गळाला, म्हणजे कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइट तोडते. झटका बसतो, पण हात सुटतो.

वरच्या वॉशिंग मशिनच्या उदाहरणात १९ अँपिअर गळतोय. आरसीसीबीला तीन शतांश अँपिअर पुरतो. म्हणजे अर्थिंग मध्यम असलं तरी मशिन बिघडल्या क्षणीच लाइट जाईल, हात लावायची वेळच येणार नाही.

घेताना डब्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलंय का हे वाचा. १०० आणि ३०० चे पण मिळतात, ते माणसासाठी नाहीत. सिंगल फेज घराला दोन पोलचा ४० अँपिअरचा लावला आणि त्याच्याआधी ३२ चा मेन एमसीबी ठेवला तर बहुतेक घरांना पुरतं. आरसीसीबीचा अँपिअर मेन एमसीबीपेक्षा कमी नको. आयएसआय खूण पाहिजेच. किंमत कंपनीप्रमाणे दोन हजारांच्या आत-बाहेर. एक नीट लक्षात ठेवा : नुसता आरसीसीबी जास्त लोडला पडत नाही, त्यामुळं एमसीबी पण लागतोच. दोन्ही कामं एकात करणारा आरसीबीओ मिळतो, तो थोडा महाग.

'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा, लाइट चालू असताना. लगेच पडला तर ठीक. नाही पडला तर तो शोभेचा आहे, बदला.

"सारखा पडतोय म्हणून काढून टाकला"

हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकलं असेल, हिशेब नाही. आरसीसीबी बसवतात, दोन दिवसांत तो पडायला लागतो, घरची माणसं वैतागतात, वायरमन येतो आणि दोन वायरी डायरेक्ट जोडून जातो. "मामा, तुमच्या घरात हे चालत नाही."

चालतं. तो पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. तीन कारणं नेहमीची. पहिलं, खरोखर गळती आहे : कांडीची कॉइल फुटलेली, फ्रिजच्या मागं ओल, बाहेरच्या बोर्डात पाणी, मोटारीची केबल सोललेली. सगळे एमसीबी पाडून एकेक चालू करत गेलं की कोणत्या लाइनवर पडतो ते कळतं, मग त्या लाइनवरच्या वस्तू एकेक काढून बघायच्या. दुसरं, न्यूट्रल मिसळलेला. जुन्या घरात भावाभावांची वाटणी होते, मीटर दोन होतात, पण मधल्या खोलीचा बल्ब एकाच्या फेजवर आणि दुसऱ्याच्या न्यूट्रलवर राहतो. आरसीसीबीला वाटतं करंट गळला. इन्व्हर्टरचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलला चुकीच्या जागी जोडला तरी हेच होतं. तिसरं कारण, सॉकेटमध्ये अर्थिंग आणि न्यूट्रल एकत्र बांधलेले.

या तिसऱ्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण हे काम गावोगाव झालंय आणि ते फार वाईट आहे. घरात अर्थिंगची वायरच नसते, पण फ्रिजला तीन पिनचं सॉकेट लागतं. मग वरच्या जाड भोकाला खालच्या न्यूट्रलमधून एक तुकडा मारून देतात. टेस्टर लावला तर काही दिसत नाही, सगळं ठीक वाटतं. पण ज्या दिवशी त्या सॉकेटपर्यंत येणारा न्यूट्रल कुठं तुटतो किंवा सैल होतो, त्या दिवशी फेज फ्रिजच्या मशिनमधून फिरून त्याच तुकड्यानं फ्रिजच्या दारावर येतो. पूर्ण २३० व्होल्ट. फ्रिज बिघडलेला नाही, वायर सोललेली नाही, तरी दार धरणारा चिकटतो. वायरमन घरी येईल तेव्हा एक सॉकेट उघडायला लावा आणि असा तुकडा आहे का ते स्वतः बघा. मेन स्विच बंद करूनच.

याचा उलटा प्रकार म्हणजे अर्थिंगवर लाइट चालवणं. खांबावरचा न्यूट्रल गेला की कुणीतरी होल्डरची एक वायर अर्थिंगला लावतो, बल्ब लागतो, गल्लीभर तोच उपाय होतो. मग जमिनीतल्या त्या पाइपाभोवतीची ओली जागाच करंट घेते, तिथं जनावर पाय ठेवतं किंवा पोरगं. न्यूट्रल गेल्यावर शेजारच्या फेजमुळं व्होल्टेज ४०० च्या जवळही जाऊ शकतं; बल्ब एकदम लखलखून उडाले, पंखा जोरात फिरला, तर लगेच मेन बंद करा आणि तक्रार द्या.

अर्थिंग : बल्ब लागला म्हणजे चांगलं, असं नाही

अर्थिंग तपासायची गावठी पद्धत म्हणजे फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघायचा. लख्ख लागला की "एक नंबर अर्थिंग". पण त्या बल्बचाच रोध पाचशे ओहमच्या वर असतो. अर्थिंग पन्नास ओहमचं, म्हणजे टाकाऊ असलं तरी बल्ब जवळपास तसाच लागणार. खरा आकडा अर्थ टेस्टर नावाच्या यंत्रावरच कळतो. कंत्राटदाराकडं ते असतं, मागून घ्या. घरासाठी पाच ओहमच्या आत आलं तर उत्तम.

नवीन अर्थिंग करायला फार जागा लागत नाही. मोरीचं पाणी मुरतं त्या बाजूला, पण पायापासून थोडं लांब, अडीच मीटर म्हणजे आठ फुटांचा जीआय पाइप खड्ड्यात उभा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला तोंड. काळ्या मातीत अर्थिंग चांगलं होतं, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की माती पाइपापासून सुटते, म्हणून मार्च ते मे आठवड्याला एक बादली पाणी टाकायचं. मीठ पाइप खातं. आजोबांच्या काळातला पाइप वरून दिसतो म्हणून खाली पण असेलच, असं धरू नका. पाइपाला वायर नट-बोल्टनं आवळलेली पाहिजे, नुसती गुंडाळलेली नको.

नळाच्या पाइपाला अर्थिंग जोडायची जुनी पद्धत तर सोडूनच द्या. पूर्वी पाइप लोखंडी होते, जमिनीतून लांबवर जायचे. आता मध्येच प्लास्टिकचा तुकडा आला की अर्थिंग तिथं संपतं आणि करंट नळाच्या तोटीत राहतो.

आरसीसीबी जिथं पोचत नाही : पत्रा, तार, सर्व्हिस वायर

आरसीसीबी मीटरच्या पुढं बसतो, त्यामुळं त्याच्या मागच्या वायरीत काही झालं तर त्याला कळत नाही. आणि पावसाळ्यातल्या दुर्घटना बऱ्याचदा इथंच होतात. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर टेकलेली असते. वाऱ्यानं ती वर्षानुवर्षं घासते, एके दिवशी रबर संपतं आणि सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. पत्र्याच्या लोखंडी खांबाला कपड्याची तार बांधलेली, तारेवर ओलं लुगडं. पुढचं सांगायला नको.

आज संध्याकाळी घराला एक चक्कर मारा, हात न लावता, नुसतं बघत. सर्व्हिस वायर पत्र्याला, झाडाला, अँटेनाच्या पाइपाला कुठं टेकतेय का? तिला आधार देणारी जीआय तार पत्र्याच्या खांबालाच गुंडाळलीय का? मध्ये चिनी मातीची रीळ आहे का? मीटरपर्यंतची वायर महावितरणची जबाबदारी आहे, मीटरच्या पुढची आपली. टेकलेली दिसली तर स्वतः शिडी लावू नका, १९१२ वर किंवा १८००-२१२-३४३५ या टोल फ्री नंबरवर तक्रार द्या आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

कपड्याची लोखंडी तार आजच काढा. नायलॉनची दोरी पन्नास रुपयांना मिळते. या अख्ख्या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम हेच.

मीटरवरही एक नजर टाका. बऱ्याच मीटरवर इंग्रजीत 'ईएल' लिहिलेला लाल दिवा असतो. तो लागलेला असेल तर घरातून गेलेला सगळा करंट न्यूट्रलनं परत येत नाहीये, म्हणजे कुठंतरी गळतोय किंवा न्यूट्रल मिसळलाय. लोक त्याला चोरीचा दिवा समजून घाबरतात आणि गप्प बसतात. घाबरू नका, वायरमनला दाखवा.

मग वायर बदला

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा : आधी मेन बोर्ड, आरसीसीबी आणि अर्थिंग, मग कांडी, चक्की, मोटर यांच्या लाइन, बल्ब-पंख्याच्या लाइन शेवटी. बरेच लोक उलटं करतात. पीओपी, झुंबर, रंगीत बटणं आधी आणि मेनला तोच किटकॅट.

बल्ब-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पॉवर सॉकेटला अडीचची, गिझर किंवा एसीला चारची. दुकानात 'दीडची', 'अडीचची', 'चारची' म्हणूनच मागा. लाइटच्या लाइनला ६ किंवा १० चा एमसीबी, पॉवरला १६ चा. हिरवी वायर फक्त अर्थिंगला, काळी न्यूट्रलला, लाल-पिवळी-निळी फेजला. वायरमनकडं हिरवी उरलीय म्हणून फेजला वापरली, असं चालू देऊ नका. दहा वर्षांनी दुसरा वायरमन येईल तो रंगावरच विश्वास ठेवणार.

जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि नवी तांब्याची एकमेकींना पिळून जोडू नका. तो जोड आतून गंजतो, तापतो, टेप वितळतो. बोर्ड काळा पडलाय, जळका वास येतोय, मिक्सर लावला की बल्ब मिणमिणतोय, ही सैल जोडाची लक्षणं. एवढ्यावरूनच त्या बोर्डाचा वापर थांबवायचा.

मातीच्या भिंतीत छिन्नीनं चर पाडून वायर लपवायचा हट्ट नको. भिंत कमजोर होते आणि आत ओल, वाळवी, उंदीर आहेतच. बाहेरून पीव्हीसीची केसिंग पट्टी मारली तर स्वस्त पडते, दिसते आणि दुरुस्त होते. माळवदाच्या मातीखालून वायर नेऊ नका, गळती कुठं होईल सांगता येत नाही. भिंतीच्या कडेनं, तुळईच्या खालून फिरवा.

काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्या आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट मागा. लोड वाढलाच आहे तर बिलावरचा 'मंजूर भार' बघा आणि वाढवायचा अर्ज द्या.

करंट लागलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, तो पोटचा असला तरी. आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडानं, स्वतः कोरड्या लाकडावर किंवा गोणपाटावर उभं राहून वायर बाजूला करा. तुटून पडलेल्या लाइनच्या तारेजवळ मात्र काठी घेऊनही जाऊ नका, आधी वीज बंद करायला सांगा. माणूस सुटला, पण हाक दिली तर ओ देत नाही आणि श्वास नाही, तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल इतकं. अँब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्यानं घ्यायचं. मातीत पुरणं, पाणी पाजणं यात वेळ घालवू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा.

दुर्घटना मोठी असेल तर पोलिसांबरोबर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयालाही कळवा. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ खाली अशा अपघाताची चौकशी होते. दोष लाइनचा की घरच्या वायरिंगचा हे त्या चौकशीत तपासलं जातं, आणि मदतीच्या वेळी तोच कागद विचारतात. चौकशी होईपर्यंत वायर, बोर्ड जागचे हलवू नका, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. महावितरणकडं कोणतीही तक्रार करताना बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक लागतो, तो आजच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.